शिडाचा दोर कोणी बांधला

आमच्या शाळेच्या दिवाळीच्या वार्षिकात मी भंडारदऱ्याच्या जलप्रवासावर एक लेख लिहिला होता. नगरमध्ये तो बऱ्याच जणांनी वाचला. दोन-तीन गृहस्थांनी रस्त्यात थांबवून अभिनंदनही केले. आपल्या कोरड्या मुलखातला एक मास्तर शिडाची होडी हाकतो, याचे लोकांना कौतुक वाटले. त्या लेखात होडी उलटल्याचा प्रसंग मी एका वाक्यात उरकला होता : ‘नावाड्याकडून दोर सुटण्यास उशीर झाला.’

हे वाक्य खोटे आहे. दोर मी बांधला होता.

शिवाय होडी कशी राखावी, वारा कसा ओळखावा, नांगर कसा टाकावा, याविषयी त्या लेखात मी जे काही सांगितले ते स्वतःच्या अनुभवाचे म्हणून सांगितले. त्यातले एक अक्षरही माझे नव्हते. म्हणून तोच प्रवास आता पुन्हा लिहितो आहे. ज्यांनी पहिला लेख वाचला त्यांनी तो विसरावा अशी विनंती आहे.

शेंडी

लढाईच्या वर्षांत नगरच्या लष्करी छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाला मी मराठी शिकवीत असे. त्याने भंडारदऱ्याच्या तलावावर एक शिडाची होडी ठेवली होती. बारा हात लांब, पुढे ठेंगणे छप्पर, त्याखाली दोन माणसे पाय दुमडून निजतील एवढी जागा. लढाई संपली, साहेब मायदेशी निघाला आणि जाताना ती होडी मला देऊन गेला. मी पाण्यात पोहू शकतो आणि लहानपणी मामाकडे कोकणात दोनदा मचव्यात बसलो आहे, एवढ्या भांडवलावर मी त्याला ‘होडीतले मला समजते’ असे सांगितले होते.

जुन्या शिडाला बुरशीने भोके पडली होती. ते घेऊन मी दादामियांकडे गेलो. दादामिया म्हणजे नगरमधले तंबू शिवणारे कारागीर. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बोलण्यात सावकाश. छावणीचे निम्मे तंबू त्यांच्या हातचे. त्यांनी जुने शीड जमिनीवर पसरले, भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “मास्तर, तंबूचं कापड वाऱ्याला अडवायचं असतं. हे कापड वाऱ्याला धरायचं. हे मी कधी शिवलं नाही. शिवतो, पण मग ते फुगलेलं मला दाखवायचं.”

होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघे निघालो. संगमनेरपर्यंतची सर्व्हिस मोटार, पुढे अकोले, राजूर आणि धरणाखालचे शेंडी गाव. त्या धुळीचे वर्णन पहिल्या लेखात पुष्कळ आहे, ते इथे गाळतो. शेवटच्या वळणावर पाणी दिसले तेव्हा दादामिया उठून उभे राहिले आणि मोटारीच्या छताला डोके आपटून खाली बसले. आमच्याकडे माघ सरला की विहिरीत वाकून पाणी शोधायचे. इथे डोंगराच्या पायाशी, नजर पोचेल तिथवर पाणी, आणि कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

काठावर लहानू भेटला. जातीने महादेव कोळी. नावाने कोळी असले तरी ही डोंगरातली भातशेती करणारी माणसे. धरण झाले तेव्हा लहानूची शेती पाण्याखाली गेली आणि उरलेल्या तुकड्यावर पोट भरेना, म्हणून तो धरणाच्या बंगल्यावर सरकारी होडीचा नावाडी झाला. साहेबाची होडीही तोच सांभाळी. साठीचा, काटक, कमरेला आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. मी त्याला ‘अरे लहानू’ म्हणालो. दादामियांनी त्याला ‘बाबा’ म्हटले.

होडी जागेवर नव्हती. काठाजवळच्या कमरभर पाण्यात दगड भरून बुडवून ठेवलेली होती. मी संतापलो.

“चार दिस झालं बुडीवली हाय,” लहानू म्हणाला. “साऱ्या हिवाळ्यात लाकूड सुकलंय, सायेब. फळ्याफळ्यांत फटी पडल्यात. त्येला पिऊ द्यायचं. फुगलं का फटी मिटत्यात. तुमी तसंच पान्यात घातली आसती, तर धा हातांवर भरली आसती.”

पुढचा सगळा दिवस आम्ही होडी काढण्यात घालवला. पाणी उपसले. ज्या फटी मिटल्या नव्हत्या त्यांत लहानूने तेल आणि राळ यांत भिजवलेला कापूस बोथट लोखंडी पट्टीने ठोकून बसवला. “लई ठासायचा न्हाई,” तो दादामियांना सांगत होता, मला नाही. “लाकूड आजून फुगनार. जागा न्हाई ऱ्हायली तर फळी फाटंल.” दोर त्याने एकेक हात करून दोन्ही मुठींतून फिरवला आणि जिथे धागे तुटलेले लागले तिथून कापून टाकला. चाळीस हातांचा दोर तीस हातांचा झाला, तरी त्याला हळहळ वाटली नाही. दादामिया हे सगळे उकिडवे बसून बघत होते. मी बंगल्याच्या ओसरीवर ओव्हरसियरांबरोबर चहा घेत होतो. धरणावरची माणसे, होड्या, किल्ल्या सगळे त्यांच्या ताब्यात. मी त्यांना वाऱ्याविषयी माहिती देत होतो.

रतनवाडीकडे

सकाळी पाणी आरशासारखे होते. शीड चढवले तेव्हा ते दोरीवरच्या धोतरासारखे लोंबले. दादामियांचा चेहरा पडला. लहानूने पलीकडच्या पांजऱ्याच्या झोपड्यांकडे बोट केले. “धूर बगा. सरळ चाललाय. जरा कलंल, मंग वारा.” थोड्या वेळाने धूर कलला, पाण्यावर बारीक सुरकुती आली आणि शीड भरले. ते पांढरे कापड ताठ झाले, टाक्यांच्या दुहेरी ओळी उन्हात दिसू लागल्या. दादामियांनी हात लांब करून कापडाला नुसता तळवा लावला. “जिवंत झालं, बाबा,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

त्या दिवशी लहानूने मला जे शिकवले ते जसेच्या तसे देतो. कोणाला होडी ठेवायची असेल तर उपयोगी पडेल.

डोंगरातल्या तलावात वारा एकसारखा नसतो. घळीतून अचानक झोत येतो. तो दिसत नाही, पण पाणी काळे होत येते, तो काळा पट्टा आपल्याकडे सरकतो. तो दिसला की शिडाच्या खालच्या टोकाचा दोर ढिला सोडायचा. शीड फडफडू द्यावे. फडफडणाऱ्या शिडाने लाज जात नाही आणि होडी उलटत नाही. तो दोर कायम हातात धरायचा, बांधायचा म्हणून नाहीच. हात सोलला तर फडके गुंडाळावे. वारा वाढेल असे वाटले की तो वाढायच्या आधी शिडाचा खालचा भाग गुंडाळून छोट्या दोऱ्यांनी बांधून शीड लहान करावे. “वाढल्याव करू म्हनलं, तर मंग हात रिकामं ऱ्हात न्हाईत,” लहानू म्हणाला. समोरून वारा असेल तर नागमोडी जावे, घाई करू नये. परतल्यावर शीड वाळल्याशिवाय घडी घालू नये.

मी मान हलवत होतो. मला हे ठाऊकच आहे असे दाखवत होतो.

मध्यावर त्याने एका जागी हात दाखवला. “हितं आमचं खळं हुतं. त्याच्या वरल्या अंगाला आंब्याचं झाड.” पुढे रतनवाडीजवळ नांगर टाकताना त्याने नांगराच्या उलट्या टोकाला आणखी एक बारीक दोर बांधला. मी कारण विचारले. खाली बुडालेल्या झाडांची खोडे आणि घरांच्या भिंती आहेत, नांगर त्यांत अडकतो, मग उलट्या टोकाने ओढून काढावा लागतो. त्याच्या घराच्या भिंती तो आमच्या नांगरासाठी लक्षात ठेवून होता.

रतनवाडीत लहानूच्या बहिणीचे घर. तिने नाचणीच्या भाकरी, वरईचा भात आणि खुरासणीची चटणी वाढली. काळी, तेलकट, खमंग चटणी. बाजरी-ज्वारी खाणाऱ्या आम्हा नगरकरांना नाचणीची भाकरी आधी गिळवेना, मग सोडवेना. दादामियांनी बरोबर आणलेल्या गोड रोट्या सगळ्यांना वाटल्या. त्या बाईने एक कपाळाला लावून बाजूला ठेवली, नातवंडांसाठी. मी माझ्या डब्यातले लाडू काढले नाहीत. परतीला पुरावेत म्हणून. हेही पहिल्या लेखात नाही.

परतताना

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचे ठरले होते. “दुपारच्याला घाटघरच्या खिंडीतनं कोकनातला वारा वर येतो,” लहानूने दोनदा बजावले होते. पण मला तिथल्या जुन्या देवळाचे फोटो घ्यायचे होते. खांबांवर ऊन नीट पडेपर्यंत मी थांबलो, मग जेवलो, मग डुलकी काढली. निघालो तेव्हा सूर्य कलला होता.

वारा पाठीमागून होता. होडी अशी पळू लागली की पाण्याला आवाज फुटला. लहानू म्हणाला, “शीड ल्हान करू या.”

“अरे, दादामियांना त्यांचं शीड पुरतं भरलेलं बघू दे की,” मी म्हणालो.

दादामिया चटकन म्हणाले, “मास्तर, मी बघितलं. पोटभर बघितलं. बाबा सांगतात तसं करा.”

मी केले नाही. सुकाणू माझ्याकडे होते. लहानूने नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, डोलकाठीपाशी बसावे असे मीच सांगितले होते, कारण तो शेजारी असला की सारखा सूचना करी. दोराने माझा तळवा सोलला होता. लहानूने दिलेले फडके माझ्या खिशात होते, पण ते गुंडाळायला हात मोकळा हवा होता, आणि मला कॅमेराही काढायचा होता. मी दोराचे दोन वेढे होडीच्या कडेच्या खुंटीला दिले आणि वर गाठ मारली. दादामिया माझ्यासमोर बसले होते. त्यांनी गाठीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि मास्तरला काय सांगायचे म्हणून गप्प राहिले असावेत.

“सायेब, काळं आलं! दोर सोडा!”

मी मागे वळून पाहिले. काळा पट्टा आमच्या अगदी पाठीशी होता. मी गाठीला हात घातला. भरलेल्या शिडाच्या ओढीने ती दगडासारखी आवळली होती. नखे मोडली, पण गाठ हलली नाही. होडी एका अंगाने वळली, आडवी झाली आणि शिडाखालचा लाकडी दांडा धाडकन खाली आला. दादामियांनी तोंड वाचवायला उजवा हात वर केला होता.

मी पाण्यावर आलो तेव्हा होडी कुशीवर पडलेली होती आणि शीड पाण्यावर पसरले होते. दादामिया दिसेनात. त्यांना पोहता येत नव्हते, हे मला माहीत होते. शिडाच्या मधोमध कापड एका ठिकाणी खालून वर उचलले गेले, आणि पुन्हा बसले. मी होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून ते बघत राहिलो. हे लिहिताना हात थांबतो, पण खरे तेच आहे. मी बघत राहिलो.

लहानू शिडावर पालथा पडला. त्याने कमरेचा कोयता काढला, कापडात खुपसला आणि दुहेरी टाक्यांसकट टरकावत नेला. त्या चिरेतून हात घालून त्याने दादामियांना मानगुटीला धरून वर काढले. चेहरा निळा पडला होता. लहानू त्यांना छातीशी धरून एका हाताने पोहत होडीपाशी आला आणि उपडे करून पाठीवर थापा मारू लागला. किती वेळाने ते खोकले, सांगता येत नाही.

धरणावरून कोणी पाहिले असावे. सरकारी होडी वल्हवत आली, तीत ओव्हरसियर होते. बंगल्यावर दादामियांच्या मोडलेल्या उजव्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या. आत ते कण्हत होते. बाहेर ओसरीवर ओव्हरसियरांनी मला खुर्ची दिली. लहानू खाली उभा, अंगावरून पाणी गळत असलेला.

“दोर कोणाकडे होता?” त्यांनी मला विचारले.

दोन दिवसांपूर्वी त्याच ओसरीवर मी त्यांना वाऱ्याविषयी सांगितले होते. मी म्हणालो, “लहानू आमच्याबरोबर होता. दोराचं सगळं त्याच्याकडेच असतं.”

ओव्हरसियरांनी लिहून घेतले. त्यांनी लहानूला काहीच विचारले नाही. मीही मान वर केली नाही, चहाच्या कपाकडे बघत राहिलो. त्याच आठवड्यात लहानूचे नावाड्याचे काम गेले, हे मला राजूरहून आलेल्या एका माणसाकडून कळले. वाईट वाटले. पण पत्र लिहिले नाही. उलट काही महिन्यांनी तो लेख लिहिला.

पुन्हा शेंडी

वार्षिक निघाल्यावर आठ दिवसांनी दादामिया शाळेत आले. तंबूंचे काम आता त्यांचा पुतण्या बघे. मनगट बसले होते, पण बोटे पूर्वीसारखी वळत नव्हती. त्यांना मराठी वाचता येत नसे. शेजारच्या दुकानदाराने लेख वाचून दाखवला होता. शिक्षकांच्या खोलीत ते बसले नाहीत, उभेच राहिले.

“मास्तर, बाबांनी माझं शीड फाडलं, ते लिहिलं नाही तुम्ही.”

“जागा कमी होती,” मी म्हणालो.

“आणि दोर बाबांकडून वेळेवर सुटला नाही असं लिहिलंय. पाण्याखाली मला काही दिसलं नाही. पण पाण्यात पडायच्या आधी मला सगळं दिसत होतं.”

आवाजात राग नव्हता. तो असता तर मी भांडलो असतो. मी म्हणालो, “मी भंडारदऱ्याला जातो. तिथं सांगतो.”

“मीही येतो,” दादामिया म्हणाले. “तुम्ही वाटेतून परत फिराल.”

हिशेब अगदी बरोबर होता. संगमनेरला मोटार बदलताना मी खरोखरच म्हणालो, की पत्राने काम भागेल. त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या डाव्या हातात घेतली आणि पुढच्या मोटारीत जाऊन बसले.

ओव्हरसियर तेच होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, खाली बघत टाक पुसला. “आता नवा माणूस लावलाय,” ते म्हणाले. “त्यालाही बायकामुलं आहेत. तुम्ही लिहून द्या, मी कागदाला जोडतो. पण लहानूचं काम परत द्यायचं माझ्या हातात नाही.” मी लिहून दिले. सही करताना मला वाटले होते तसे हलके मुळीच वाटले नाही.

लहानूचे घर मुरशेतच्या वाटेवर, तलावाला लागून. भात कापून झाले होते. खळ्यावर लहानू, त्याची बायको आणि दोन सुना भात झोडत होत्या. पेंढी डोक्यावर उचलायची आणि उतरत्या फळीवर आपटायची, की दाणे खाली सांडत. आम्हाला बघून बायका थांबल्या. लहानू थांबला नाही.

मी त्या सगळ्यांदेखत म्हणालो, “लहानूबाबा, दोर मी बांधला होता. ओव्हरसियर साहेबांना मी खोटं सांगितलं. आत्ता त्यांना खरं लिहून देऊन आलो. पण तुमचं काम परत मिळत नाही. होडी तुम्ही ठेवा. ती तुमचीच आहे.”

त्याने हातातली पेंढी फळीवर दोनदा आपटली, दाणे निघाले का बघितले आणि पेंढा बाजूला टाकला. मग तो दादामियांकडे आला, त्यांचा उजवा हात हातात घेऊन एकेक बोट वाकवून बघू लागला. “ह्ये वळंना?” त्याने विचारले. “तेल चोळत जा. रोज.” त्याच्या बायकोने दादामियांना बसायला घोंगडी टाकली.

बोटे बघून झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

“होडी नगं,” तो म्हणाला. “धरनाच्या काठाला हाय, तितनं तुमी न्या न्हाईतर कुनाला द्या. आन कामाचं म्हनाल तर त्ये गेलं, पोट भरतंय.” बोलता बोलता त्याने पुढची पेंढी उचलली होती, ती खाली ठेवली. “पर येक सांगतो. त्या दिसी सायबानं इचारलं, तवा तुमी माझ्याकडं नुसतं बगितलं आसतं ना, तरी मीच म्हनलो आसतो, व्हय, दोर म्या बांदला. तुमी शिकलेलं मानूस, चार लोकांत तुमची आब्रू. माझं काय. म्या म्हनलो आसतो. तुमी बगितलंच न्हाई.”

सुना खाली बघत होत्या. लहानूने पेंढी उचलली आणि पुन्हा झोडायला लागला.

थोड्या वेळाने दादामिया घोंगडीवरून उठले. भाऱ्यातून एक पेंढी डाव्या हाताने ओढून त्यांनी लहानूपुढे धरली. त्याने ती घेतली. मग दुसरी. तिसरी पेंढी मी उचलली. घे असे कोणी मला म्हटले नाही, ठेव असेही म्हटले नाही. लहानूने ती माझ्या हातातून घेतली, फळीवर आपटली, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पेंढीसाठी हात मागे केला. ऊन डोंगराआड जाईपर्यंत मी त्या हातात पेंढ्या देत राहिलो.